तानाबाईचा पासपोर्ट कुणी नेला

१

साहेब, तानाबाईचा पासपोर्ट तुम्ही चोरला.

तुमचं नाव मी घेत नाही. खुर्चीचंही घेत नाही. वाचताना तुमचं तुम्हाला कळेल, तेवढं बास. तुम्ही म्हणाल, "वकीलबाई, डोकं ठिकाणावर आहे का? त्या दसऱ्याला मी माझ्या गावी होतो." होता. त्या घराचा उंबरा तुम्ही कधी ओलांडला नाही, ते घर कुठल्या बोळात आहे हेही तुम्हाला सांगता यायचं नाही. तरी चोर तुम्हीच. कसं ते पायरी पायरीनं सांगते. मधे उठायचं नाही. तानाबाईला तुमच्या व्हरांड्यातल्या बाकड्यानं वर्षानुवर्षं बसवून ठेवलं, तुम्ही थोडा वेळ बसा.

गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णवची. कारगिलच्या तोफा थंड झाल्या होत्या, लोकांची तोंडं अजून तापलेली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी पेठेतल्या माझ्या ऑफिसात तानाबाई आली. ऑफिस कसलं, खाली पिठाची गिरणी, वर एक खोली, दारावर पाटी: ॲडव्होकेट दीक्षा कुरणे. बाई अनवाणी आली होती.

"वकीलबाई, पासपोर्ट गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हंजे गेला. ट्रंकेत हुता. आता न्हाय."

मी हातातला चहा खाली ठेवला. सोमवारी सुनावणी होती, शेवटची. अस्सल पासपोर्ट टेबलावर ठेवायचा, तो जमा करायचा, शपथ घ्यायची, आणि पन्नाशीला टेकलेली ही बाई पहिल्यांदा कुठल्या तरी देशाची होणार होती. पासपोर्ट नसेल तर अर्ज निकाली. अर्ज निकाली म्हणजे देश सोडा. दुसरा पासपोर्ट मागायचा तर तिकडच्या वकिलातीत; आणि त्या साली तिकडच्या वकिलातीला कोल्हापुरातनं पत्र धाडणं म्हणजे पोलिसांना जेवायला बोलावणं.

साहेब, फाईल तुम्ही वाचली नाही हे मला माहीत आहे, म्हणून चार ओळीत सांगते. तानाबाईचा बाप गगनबावड्याच्या अलीकडच्या एका खेड्यातला, महारवाड्यातला. पोटासाठी कराचीच्या बंदरावर हमालीला गेला. तेव्हा कराचीला जायला कागद लागत नव्हता, बोटीचं तिकीट लागायचं. मग मधे रेघ पडली. बाप तिकडंच राहिला, मेला. तानाबाई तिकडं जन्मली, घरात मराठी बोलत वाढली, लग्न झालं, नवरा वारला, लेकरू नाही. नव्वद साली व्हिसा काढून ती कोल्हापुरात बापाच्या बहिणीकडं आली. सख्ख्या आत्याकडं. तिथनं पुढं ती अर्ज करतेय.

"ट्रंकेचं कुलूप तोडलंय का?" मी विचारलं.

तिनं मान खाली घातली. "न्हाय जी. कुलूप हाय तसंच हाय."

"आणि किल्ली?"

"माझ्या गळ्यात."

२

घर रंकाळ्याकडं उतरणाऱ्या बोळात. दोन खोल्या आणि मागं चूल. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब, दोघांना कालचेच झेंडूचे हार. आत्या म्हणजे बायडाबाई, वय शहात्तर, पाठीत वाकलेली, आवाज मात्र ताठ. दाराशी लसूण सोलत बसली होती.

"ये बाळ. आमच्या घरात चोर शिरलाय म्हणं. शिरून न्हेलं काय, तर कागुद! भांडी ठिवली, टीव्ही ठिवला. शिकल्यालं चोर असणार."

"आज्जी, काल तुम्ही घरातच होता?"

"मी कुठं जाणार? किसनात नागपूरला दीक्षाभूमीला. तानी खानावळीत. मी हाय आन घर हाय."

"कुणी आलं-गेलं?"

"कुणी न्हाय."

"घरातली आणखी काही वस्तू गेली?"

तिनं सोललेल्या पाकळ्या ताटलीत सरकवल्या. "घरातलं म्हणून काय गेलं न्हाय. घाण तेवढी दसऱ्याला काढत्यात की सगळी, तशी म्या बी काढली."

मी ट्रंक बघितली. लोखंडी, निळी, कोपऱ्यात. तिच्यावर आज्जीच्या लेकाचा, कृष्णातचा टीव्ही, चांगला थोराड, रंगीत. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. मागनं अँटेनाची वायर खिळ्याला गुंडाळून थेट कौलात गेलेली.

"पासपोर्ट बघायला काढला तेव्हा हा टीव्ही कुणी उतरवला, तानाक्का?"

"मीच की."

"एकटीनं?"

"व्हय."

"आणि दर महिन्याला हवालदार येतो तेव्हा?"

"तेव्हा बी मीच."

मी टीव्ही उचलायला गेले. बोटभरही हलला नाही. कडेला बोट फिरवलं, तर धुळीची साय जशीच्या तशी, टीव्हीच्या बुडाभोवती काढलेल्या रांगोळीसारखी. तानाबाई माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. बायडाबाई लसणाकडं.

तेवढ्यात कृष्णात आला. काल सकाळीच नागपूरहून निघून आत्ता उतरलेला, डोळे लाल, बातमी बोळातच ऐकलेली. गॅरेजमध्ये फिटर आहे. माझ्याकडं बघून त्यानं पिशवी आपटली.

"काय, पंचनामा? माझंच नाव घ्या की. भाऊ म्हटला की चोर."

"दादा, खेड्यातली ती जमीन तुम्ही कसता. तानाबाईच्या बापाची."

"जमीन म्हणती व्हय त्याला? नाचणी धड येत न्हाय. निम्मी माती दर साली पावसाबरोबर कोकणात उतरती."

"तरी उन्हाळ्यात तुम्ही कोर्टात एका वकिलाला विचारलंत की परदेशी बाईला वाटणी मिळते का."

त्यानं आपटलेली पिशवी उचलून खुंटीला लावली. मग म्हणाला, "इचारलं. इचारणं गुन्हा हाय? वरीसभर चिखलात मी उभा ऱ्हातो, आन वाटणी कागदावर. पण ऐक, वकीलबाई. मी रविवारीच नागपूरला गेलो. माझ्यासंगं गल्लीतली वीस माणसं. त्यांना इचार."

विचारलं. वीस नाही, सतरा होती. पण सतराही जणांनी तेच सांगितलं.

निघताना तानाबाई बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला आली. मी थांबले.

"तानाक्का, मी तुझी वकील आहे. माझ्याशी खोटं बोललीस तर तुझं भांडण मी कसं लढू? ट्रंकेत पासपोर्ट नव्हताच. कुठं होता?"

तिनं मागं घराकडं बघितलं. हात जोडून म्हणाली, "ते इचारू नका. ते सांगितलं तर मला ह्या घरातनं जावं लागंल."

३

आता साहेब, तुम्हीच सांगा. न सांगितलं तर देशातनं हाकलणार, सांगितलं तर घरातनं. असं काय असतं जे बाई सांगू शकत नाही? माझ्या मनात जे आलं ते तुमच्याही आलं असेल. पुरुष.

म्हणून मी जयसिंगरावांच्या खानावळीत गेले. पेठेतल्या तालमीची, फुटबॉलची पोरं तिथं जेवतात. सामना जिंकला की रस्सा जास्त, हरला की शिव्या जास्त. जयसिंगराव गल्ल्यावर बसून दोन्ही वाढतात. तानाबाई तिथं सहा वर्षं भाकरी बडवते.

"या वकीलबाई! काय पावणं, एकट्याच? बसा. पांढरा रस्सा घ्या वाटीभर."

"जेवायला नाही आले. तानाबाईचा पासपोर्ट गेलाय."

त्यांचा चमचा थांबला. "आयला. मग सोमवारचं काय?"

"तुम्हीच सांगा. ती कागदावर इथली झाली तर तुमच्या पगारात भाकरी थापायला राहील?"

"हे बघा," ते पुढं वाकले, "पगार कमी देतो, मान्य. समद्या पेठेत कमीच देत्यात. पण तिच्यासारखी भाकरी कुणाची न्हाय. तिला घालवून मी काय हाटेलला टाळं लावू?"

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही तिला म्हणाला होता, पासपोर्ट माझ्याकडं ठेव."

"म्हटलंतो. व्हय. भाकरीवाली पळाली तर? पण तिनं दिला न्हाय. म्हणाली, मालक, ते अशा जागी हाय की चोराचा बी हात लागायचा न्हाय. मी म्हटलं, ब्यांकेत ठेवलायस काय गं?" ते स्वतःच्याच विनोदाला हसले.

"काल ती इथंच होती?"

"दसरा! सकाळधरनं रातीपातूर. पाणी प्यायला सवड न्हवती. मी बी इथंच, मालकीण बी इथंच. मालकीण मसाला कुटत हुती."

"तानाबाई मदत करते का मसाल्याला?"

जयसिंगरावांनी कानाला हात लावला. "मसाल्याला परक्याचा हात? तो आमच्या घरचा हाय, आज्जीपासनंचा. ती फकस्त भाकरी. पीठ आन पाणी. मिठाला सुद्धा तिचा हात न्हाय. म्हणून तर तिचे हात बघा, कायम पांढरेफटक."

मी उठले. जयसिंगरावांनी मागनं हाक मारली. आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"वकीलबाई, बाळासो हवालदाराला गाठा. शनवारी त्यानंच बघितला हुता पासपोर्ट. शेवटचा. आन इथं येऊन मिशीला पीळ देऊन म्हणाला, मालक, तुमची भाकरीवाली सुटली बघा."

४

बाळासो हवालदार. परदेशी लोकांची नोंद बघायचं काम त्यांच्याकडं. कोल्हापुरात परदेशी असे कितीसे? म्हणून त्यांचा सगळा पहारा एका भाकरीवालीवर. दर महिन्याला जायचं, पासपोर्ट बघायचा, चहा प्यायचा, सही घ्यायची. नऊ वर्षांत त्या घराशी त्यांची जवळजवळ सोयरीक झाली होती.

चौकीबाहेर पानाच्या टपरीवर सापडले.

"माझ्यावर संशय?" त्यांनी पिंक टाकली. "घ्या की. पाकिस्तानी बाईचा पासपोर्ट हवालदारानं खाल्ला. लोणचं घातलं म्हणा."

"तुमच्या रिपोर्टवर तिचं सगळं अवलंबून. कुणी काही द्यायचं-घ्यायचं बोललं?"

"बाई," त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, "मी देवमाणूस न्हाय. पण त्या घरात न्हाय. त्या म्हातारीनं मला एकदा काठी दाखवलीय. चहा सोडून कायबी घेतलं न्हाय. आन रिपोर्ट तर मी फर्स्टक्लास दिलाय. साहेबांनी बघायला सांगितलेलं समदं बघितलं, लिवलं."

"शनिवारी काय काय झालं? सगळं सांगा."

"काय व्हणार? गेलो. म्हातारी न्हवती घरात, विहारात गेलती. तानाबाई आतनं पासपोर्ट घिऊन आली. तारीख बघितली. चहा घेतला. देवाला हात जोडले. आलो."

"आतनं म्हणजे ट्रंकेतनं?"

"ट्रंकंवर टीव्ही हाय. आतनं म्हंजे आतनं, चुलीकडनं. बाईचा समदा कारभार चुलीपाशीच. पासपोर्ट हातात घ्यावा तर बोटं पिवळी व्हायची माझी. म्हटलं आगं बाई, सरकारी वस्तू हाय, हळदीचे हात तरी धू. हल्ली दोनतीन म्हैनं तर लईच."

मी त्यांचे आभार मानले. पाच पावलं गेले आणि थांबले.

तालमीच्या कट्ट्यावर बसले. हातात काही नव्हतं, ना कागद ना पेन. दोनच वाक्यं होती आणि ती एकमेकांना चिकटत नव्हती.

पिवळी बोटं. जिचा हात हळदीला लागत नाही, जी दिवसभर पिठात असते, तिचा पासपोर्ट पिवळा कसा होतो?

आणि दुसरं. देवाला हात जोडले. बाळासोंना बुद्ध आणि देव यातला फरक कळतो. नऊ वर्षं त्या घरात जातात, बाहेरच्या खोलीत फोटो आहे, त्याला ते "तुमचा बुद्ध" म्हणतात, मी स्वतः ऐकलंय. मग छप्पन साली दीक्षा घेतलेल्या बायडाबाईच्या घरात बाळासोंनी हात जोडले ते कुठल्या देवाला?

५

दुसऱ्या दिवशी बायडाबाई विहारात गेल्याचं बघून मी त्या घरात शिरले. तानाबाई चुलीपाशी होती. मी फळीवरचे डबे एकेक करून ओढले, शेवटी जोंधळ्याचा. मागं भिंतीपाशी पिठाचा थर, आणि त्या थरात एक मोकळा चौकोन. वीतभर लांब, तेवढाच रुंद. कडेला चिमूटभर पिवळं. बोटाला लावून हुंगलं. हळद नव्हे, भंडारा.

"तानाक्का, पेटी होती इथं. पेटीत देव होते. देवांच्या खाली पासपोर्ट होता."

तिनं हातातलं पीठ परातीत झटकलं.

"माझी आई तिकडं तसंच ठेवायची," ती म्हणाली. "दंगा झाला, चोर आला, तरी देवाच्या पेटीला कुणी हात लावत न्हाय म्हणायची. समदे जपायचे कागज देवाच्या खाली. लाल कापडात बांधून."

"मग आता चोर शोधणं सोपं आहे," मी म्हटलं. "पेटीत टाक होते ना? चांदीचे?"

"दोन. गुजरीतल्या सोनाराकडनं घेतलेलं."

"चांदी चोरायला आलेला माणूस हिरवं पुस्तक फेकून देतो, पेटी फेकून देतो. पासपोर्ट चोरायला आलेला माणूस तेवढाच उचलतो, देव जागेवर ठेवतो म्हणजे तुला कळायला वेळ लागतो. पण इथं अख्खी पेटी गेली. म्हणजे नेणाऱ्याला चांदीही नको होती आणि पासपोर्टही. त्याला पेटी हवी होती असंही नाही. त्याला ती या घरात नको होती. कृष्णातदादा नागपुरात. मालक खानावळीत. हवालदारानं तर तिला हात जोडले. घरात राहतं कोण?"

तानाबाईनं तोंडावर पदर दाबला.

"मी राहते," मागनं आवाज आला.

बायडाबाई दारात उभी होती. हातात मेणबत्तीचा पुडा. आत आली, भिंत धरून बसली. माझ्याकडं बघितलंच नाही, भाचीकडं बघितलं.

"दसऱ्याला डबा काढाया गेले तर मागं पेटी. वर भंडारा सांडल्याला. कळलं मला. म्हटलं, माझ्या भावाचं लेकरू, तिकडं वाढलंय, मनातनं सुटत नसंल. बोलले न्हाय. लाजंल म्हणून बोलले न्हाय. बाबासाहेबांनी ज्या दिवशी सोडलं त्याच दिवशी सोडावं म्हटलं. गाव सगळं दसरा चौकात. पदराखाली घेतली आन पंचगंगंत सोडली."

"उघडली नाही, आज्जी?"

"कशी उघडीन? छप्पन साली सासूचं देव मीच न्हेलं की घाटावर. सासू रडत हुती. समदी म्हणाली, गाठ सोडू नगंस, तोंड बघू नगंस, बघितलं की हात कचरतो. बांधल्यालं तसंच सोडायचं. सगळ्या आळीनं तसंच सोडलं. परवा बी तसंच सोडलं."

"आत्ती," तानाबाई म्हणाली, "त्यात माझा पासपोर्ट हुता."

म्हातारीला आधी कळलं नाही. मग कळलं. हातातला पुडा सुटला आणि मेणबत्त्या गडगडत चुलीकडं गेल्या.

"आगं मग सांगितलं का न्हाईस? दोन दिस झालं, चोर चोर करतीयास!"

"काय सांगू? तुमच्या घरात मी देव आणलं असं? मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही माझं तोंड बगणार न्हाय."

"आन मला वाटलं, मी बोलले तर तू इथनं जाशील."

दोघी एकमेकींची लाज राखत होत्या, साहेब. त्या राखण्यात पासपोर्ट बुडाला.

पण मला एक गाठ सुटत नव्हती. नऊ वर्षं ही बाई आत्याबरोबर विहारात जाते. वंदना तोंडपाठ. आणि बाळासो म्हणतात पिवळं लागायला लागलं ते गेल्या दोनतीन महिन्यांत. टाक गुजरीतनं घेतलेले, म्हणजे कराचीहून आणलेले नव्हेत.

"तानाक्का, आधी पासपोर्ट कुठं असायचा?"

"बुद्धाच्या फोटूमागं."

"मग देव आत्ताच कशाला आणलेस?"

तिनं डोळे पुसले. आणि मग, साहेब, तिनं तुमचं नाव घेतलं.

६

आषाढातली सुनावणी आठवते? तेव्हा तिची वकील मी नव्हते, कुणीच नव्हतं. ती एकटी आली होती. तुम्ही फॉर्म चाळला. धर्माच्या रकान्यात तिनं बौद्ध लिहिलं होतं. तुम्ही चष्मा काढला आणि म्हणालात, "पाकिस्तानातून बौद्ध? हे कुठलं नवीन? तिकडून हिंदू येतात ते समजतं. तुझं काहीतरी गडबड आहे." ती म्हणाली, साहेब, आत्तीचं घर बौद्ध, मी पण. तुम्ही म्हणालात, "आत्तीचं सोड. तुझा बाप कोण होता? हिंदू ना? मग तसं लिही. आणि घरात देव आहेत की नाहीत ते हवालदार बघून जाईल. नसतील तर फाईल वर कशी पाठवू?"

तिनं रकाना खोडला. गुजरीत गेली, साठवलेले होते नव्हते ते घालून दोन टाक घेतले, पेटी घेतली. बायडाबाई विहारात जायची वेळ हवालदाराला सांगून ठेवली. तो यायचा तेव्हा पेटी काढून मांडायची, तो गेला की डब्यामागं. पासपोर्टही तिथंच हलवला, आईनं शिकवलं होतं तसा.

ज्या कलमाखाली तिचा अर्ज होता ते मी तीनदा वाचलं. धर्म हा शब्द त्यात नाही. तो तुम्ही घातलात, तोंडानं, कागदावर न आणता. बायडाबाईनं पेटी बुडवली, पण ती पेटी त्या घरात आली कुणामुळं? हा माझा पुरावा. यात एक दुवा तुटका दाखवा.

आम्ही नदीत पोरं उतरवली. दोन दिवस बुड्या मारल्या. गाळ निघाला, नारळ निघाले, दुसऱ्याच कुणाचे देव निघाले.

सोमवारी आलो. बायडाबाई हट्टानं आली, वाटेतच भांडण सुरू.

"मी सांगणार. म्या बुडवला, मला आत टाका म्हणणार."

"आत्ती, तुमचं नाव निघालं तर मी म्हणीन वकीलबाई खोटं बोलतात."

"गप बस. शहात्तर वर्साच्या बाईला तुरुंगात काय करत्यात? भाकरीच देत्यात की."

"तुमच्यावर केस करून मला हितली व्हायचं न्हाय!"

दारावरच्या शिपायानं नोटीस बघितली. म्हातारीचं नाव त्यावर नव्हतं. तिला आत सोडलं नाही. ती व्हरांड्यात बाकड्यावर बसली.

आत तुम्ही विचारलंत, "पासपोर्ट?" मी म्हटलं, नष्ट झालाय, कसा ते मी लेखी द्यायला तयार आहे, आणि त्यात आषाढातल्या सुनावणीत तुम्ही काय म्हणालात तेही येईल. तुम्ही पेन फिरवत म्हणालात, "वकीलबाई, असं काही मी बोलल्याची नोंद आहे का?" नव्हती. नोंद ठेवणारे तुम्हीच. मग तुम्ही तानाबाईकडं वळलात. "पोलिसात फिर्याद? कुणी घेतला? नाव सांग." तिनं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. बाहेरनं म्हातारीचा आवाज येत होता, "आरं मला आत तरी सोडा, मी सांगती!" शिपाई तिला गप्प करत होता.

"माझ्या हातनं पडला," तानाबाई म्हणाली. "नदीत. कुणी न्हाय घेतला."

तुम्ही लिहिलंत: अर्जदाराने महत्त्वाचा दस्तऐवज स्वतःच्या निष्काळजीपणाने गमावला. अर्ज निकाली. अर्जदाराने मूळ देशी परत जावे.

हे सगळं नावानिशी लिहायला मला बायडाबाईनंच सांगितलं. म्हणाली, "नाव घाल माझं, ढळढळीत घाल. आता मी आत गेले तरी कुणाचं काय वाकडं व्हत न्हाय." तानाबाई अजून भाकरी बडवतेय. बाळासो दर महिन्याला येतात. आता बघायला पासपोर्ट नाही म्हणून तिलाच बघून जातात आणि मान खाली घालून चहा पितात. तुमचा आदेश ते बजावू शकत नाहीत, कारण कागदाशिवाय सरहद्दीवर तिला पलीकडचे घेत नाहीत. आणि कागदाशिवाय तुम्ही ठेवत नाही.

तर आता माझ्या अशिलाच्या वतीनं विचारते, आणि तोंडी उत्तर चालणार नाही. तोंडी बोलून नामानिराळं राहायची तुमची सवय मला माहीत झालीय. मूळ देश असं तुम्ही लिहिलंत. बाप गगनबावड्याकडचा, भाषा इथली, आत्या इथली, जन्म तिकडचा, आणि तिकडचा एकुलता पुरावा तुम्ही मागितलेल्या देवांबरोबर पंचगंगेच्या तळाशी. तुमच्या टेबलापुढनं तिनं कुठल्या दिशेला चालायला लागायचं, साहेब?

दिशा लिहा. खाली सही करा. शिक्का मारा.